मेस्त्रींचा तळहात

माझं शिक्षण कुठं झालं असं कुणी विचारलं, की मी कॉलेजचं नाव सांगतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मोटारीच्या अंगाकडे बघायचं कसं, हे मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका डेंटिंगच्या गॅरेजात शिकलो. शिकवणारा माणूस सातवीपुढं शाळेत गेला नव्हता. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, मीही तेच म्हणत आलो. आपलं नाव कुठं छापून आलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून इथंही मेस्त्रीच म्हणतो.

गेली बरीच वर्षं मी पुण्यात मोटारींच्या बाह्यरूपाचं काम करतो. डिझायनर चित्र काढतो, मातीचं मॉडेल बनतं, आणि त्यावरून पत्रा ज्या साच्यात दाबला जाणार तो प्रत्यक्ष पृष्ठभाग संगणकावर आखायचं काम आमच्यासारख्यांकडे येतं. धंद्यात त्याला 'क्लास ए सर्फेसिंग' म्हणतात. या कामात मला जे काही येतं, त्याचा पाया मेस्त्रींनी घातला. हे त्यांना कितपत ठाऊक आहे, मला सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंजिनिअरिंग संपवून मी घरी बसलो होतो. वडिलांचं स्पेअर पार्टचं लहानसं दुकान होतं. गॅरेजांना माल पोचवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मला मोटारींचं वेड होतं. लांबून नुसती समोरची जाळी आणि दिवे दिसले तरी मी गाडी ओळखायचो. परदेशी मासिकांची कात्रणं वहीत चिकटवलेली होती. बीएमडब्ल्यूच्या नाकावरच्या त्या दोन मूत्रपिंडाकृती जाळ्या १९३३ पासून चालत आल्या आहेत, असली माहिती तोंडपाठ. गाडीची ओळख म्हणजे तिचं तोंड आणि त्यावरचं चिन्ह, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मेस्त्रींच्या गॅरेजात रंगाला जाणाऱ्या गाड्यांची जाळी, दिवे, पट्ट्या, अक्षरं सगळं उतरवून ठेवलेलं असायचं. भिंतीला टेकवून दरवाजे आणि मडगार्ड उभे, सगळ्यांवर सारखाच करडा प्रायमर. माझी बडबड ऐकून एकदा त्यांनी विचारलं, "ह्यातलं कुठलं कुणाचं, सांग बघू." ॲम्बॅसेडरचा दरवाजा वजनदार दिसत होता म्हणून ओळखला. बाकी ठिकाणी अंदाज मारले आणि ते चुकले. मेस्त्रींनी नुसता हात फिरवून एकेक नाव सांगितलं. फियाटच्या, म्हणजे प्रीमियर पद्मिनीच्या मडगार्डाचा खांदा कुठं भरतो, मारुती ८०० चा पत्रा कसा सपाट जाऊन शेवटाला वळतो, हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

"बिल्ला काढला की तुझी वळख संपली," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. पोराला काय येत नाही ते त्यांनी बघून घेतलं, एवढंच.

मग मी माल देऊन परत फिरायचं सोडलं आणि तिथंच थांबायला लागलो. ठोकून सरळ केलेल्या दरवाज्यापाशी ते मला उभं करायचे. "डोळं मिट आन् हात फिरीव. काय लागतंय?" मला काही लागत नसे. बोटांची टोकं वापरायची नाहीत, अख्खा तळहात टेकवायचा, आडवा न नेता पत्र्याच्या लांबीनं न्यायचा, हे त्यांनी दाखवलं. तळहाताखाली मलमलीसारखं पातळ फडकं धरायचं. फडक्यामुळं हात अडखळत नाही आणि डोळ्याला न दिसणारा खळगा तळव्याला कळतो. हे खरं आहे याची खात्री व्हायला मला बरेच आठवडे लागले.

डोळ्याचं काम त्यानंतर. लाकडी फळीला बांधलेली एक ट्यूबलाईट त्यांच्याकडे होती. प्रायमर मंद असतो, त्यात उजेड दिसत नाही. म्हणून ते पत्र्यावर पाण्याचं फडकं मारत. तो ओला, चकचकीत असेपर्यंत ट्यूबचं प्रतिबिंब त्यावरून सरकवत न्यायचं. रेघ सलग वाहत गेली तर काम झालं. ती कुठं जाड झाली, बारीक झाली, लचकली, तर तिथं पत्रा अजून बसलेला नाही. पाणी सुकायच्या आत बघून घ्यायचं आणि खडूनं खूण करायची.

ठोकून ठोकून पत्रा ताणला गेला, की तो दाबल्यावर टक् करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. ताणलेला पत्रा आणखी ठोकून सरळ होत नाही. मेस्त्री गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल करत, मागं डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून भोवतीनं हलके ठोके देत आणि ओल्या फडक्यानं तो झटकन गार करत. गार होताना पत्रा आकसतो. कॉलेजात आम्ही उष्णतेनं होणारं प्रसरण आणि आकुंचन शिकलो होतो, त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. त्याचा उपयोग दरवाजा वाचवायला होतो, हे मला तिथं कळलं.

गॅरेजात सर्वांत जास्त राबता वडापच्या जीपांचा. आमच्याकडे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या गाड्यांना वडाप म्हणतात. दहा जागांत वीस माणसं बसवून घाटरस्त्यावर धावणाऱ्या त्या जीपा महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी वाकवून येत. मला ती गाडी गावंढळ वाटायची. सपाट पत्रा, बाहेर दिसणारे बिजागर, बॉनेटला बाहेरून कड्या. मेस्त्रींचा मात्र तिच्यावर जीव. "ह्या गाडीत हात कुठंबी शिरतोय. गावातला वेल्डर पण हिला उभी करंल."

त्या बोलण्याचं मोल पुढं जीपच्या समोरच्या जाळीची गोष्ट वाचल्यावर कळलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला आधी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. त्याच नमुन्याच्या जीपा फोर्डही बनवू लागली, तेव्हा तिनं एकाच पत्र्यात उभ्या फटी दाबून काढल्या. ते हलकं आणि स्वस्त पडलं. त्या जाळीत नऊ फटी होत्या. १९४५ च्या नागरी जीपला दिवे मोठे बसवले, त्यामुळं फटी सात उरल्या. आज सात फटी म्हणजे जीप असं जग मानतं. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि तोच वंश आमच्या वडापपर्यंत आला. अमेरिकेत महिंद्राच्या रॉक्सर या गाडीवरून २०१८ मध्ये जीपच्या मालक कंपनीनं तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाचा निकाल जीपच्या बाजूनं लागला. वादात काय होतं? सपाट उभ्या बाजू, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या, उभ्या फटींची जाळी. म्हणजे पत्रा सोयीनं आणि काटकसरीनं दाबता यावा म्हणून केलेल्या गोष्टी पुढं ओळख ठरल्या आणि त्यांच्यासाठी वकील उभे राहिले. मी जिला गावंढळ म्हणत होतो, तिची ओळख मेस्त्री नेमकी जिथं हात घालून दाखवत होते तिथंच होती.

१९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली. पिंपरीच्या कारखान्यात, आपल्या माणसांनी उभी केलेली मोटार. तिच्या रूपाचं काम इटलीत तुरिनच्या आयडिया संस्थेबरोबर झालं होतं. गाडी पुण्याची आणि रेघ तुरिनची, हे वाचून मला आतून बाहेरून हलल्यासारखं झालं. गाडीचा आकार कुणीतरी बसून काढतं आणि ते माणसाचं रोजचं काम असतं, हे तोवर मनात उतरलंच नव्हतं. मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "मग जा की तिकडं. हितं किती दिवस फडकं मारणार?"

पुण्यात आकार आखण्याची कामं तेव्हा वाढत होती. एका मुलाखतीत माझ्यापुढं बॉनेटचं एक चित्र ठेवलं गेलं. त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे होते. यात काही खटकतं का, असं विचारलं. ते सॉफ्टवेअर मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण पट्टे एका जागी वळण घेताना किंचित मोडत होते आणि तसलं मोडणं मी ओल्या पत्र्यावर शेकडो वेळा पाहिलं होतं. मी बोट ठेवून म्हणालो, "इथं पत्रा बसलेला नाही." समोरचे गृहस्थ हसले आणि त्यांनी कारण समजावलं. दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना टेकले तर कड दिसते. त्यांची दिशाही जुळली तर कड जाते, पण प्रतिबिंब तिथं कोपऱ्यात मोडतं. दोन्हीकडची वक्रताही जुळली, तरच उजेड सलग वाहतो. या तीन पायऱ्यांना आमच्याकडे जी-झिरो, जी-वन, जी-टू म्हणतात. नोकरी मला मिळाली. उत्तर मेस्त्रींचं होतं, जीभ फक्त माझी.

पुढं मातीच्या मॉडेलांजवळ उभं राहायची संधी मिळाली. जनरल मोटर्सनं १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रूपाचा स्वतंत्र विभाग काढला, आणि मोटारीचं मॉडेल मातीत करायची पद्धत अर्ल यांच्यामुळं रुजली. ही माती कुंभाराची नव्हे. तिच्यात मेण असतं. भट्टीत साधारण साठ अंशांपर्यंत तापवून ती थापतात आणि गार झाल्यावर पोलादी पट्ट्यांनी तासतात. मातीत उजेड दिसत नाही, म्हणून तिच्यावर चंदेरी फिल्म ओढून चढवतात आणि दिव्यांच्या रांगेखाली प्रतिबिंब तपासतात. मेस्त्रींचं पाण्याचं फडकं आणि ही फिल्म, काम एकच. फिल्म चढवायच्या आधी मॉडेलर डोळे मिटून हात फिरवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला जोराची घरची आठवण आली.

मग रेघांचे दिवस आले. बीएमडब्ल्यूमध्ये क्रिस बँगल यांच्या काळात, २००१ च्या सेव्हन सीरिजपासून, पत्र्याला आत-बाहेर वळवणाऱ्या रूपांवर जगभर वाद झाले आणि वाद करणाऱ्यांनीच पुढं त्यांचं अनुकरण केलं. ह्युंदाईनं आपल्या वाहत्या रेघांना 'फ्लुइडिक' हे नाव दिलं. त्या रूपाची व्हर्ना २०११ मध्ये आपल्याकडे आली आणि साध्या बाजूंच्या गाड्या एकदम जुन्या दिसू लागल्या. बाजूच्या पत्र्यावर टोकदार रेघ असणं हे नवेपणाचं लक्षण झालं. मीही तशा रेघा आखत होतो. रेघ जेवढी धारदार तेवढी शोरूमच्या दिव्याखाली उठून दिसते. ती तशी दाबता यावी म्हणून साचेवाल्यांशी भांडण्यात आम्हाला अभिमान वाटायचा.

दिवाळीत गावी गेलो की गॅरेजात जाणं ठरलेलं. एकदा अशीच रेघांची एक गाडी मेस्त्रींपुढं उभी होती. दोन दरवाज्यांवरून जाणारी रेघ मोटारसायकलच्या हँडलनं मधोमध दबली होती. मेस्त्री बराच वेळ नुसतेच बसून होते. मग म्हणाले, "सपाट पत्रा चुकला तर पोटात माया असत्या. ही रेघ एक केस हलली तरी ट्यूबखाली बोंब मारत्या. आन् आतनं बघ." आत दुहेरी पत्रा होता, मधे आडवा दांडा. डॉली धरायला हात जायची सोय नव्हती. अशा वेळी बाहेरून वॉशर वेल्ड करून पुलरनं पत्रा ओढतात आणि उरलेलं पुट्टीनं भरतात. मेस्त्रींना पुट्टीचा राग. "रेघ काढणाऱ्याला सांग, थोडी बोथट कर. आन् आत हात शिराया जागा ठेव."

रेघ काढणारा समोर उभा आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

तोवर आपल्या कामाचा शेवट कारखान्याच्या दारात होतो, असं मी धरून चाललो होतो. गाडी विकली की आमची फाईल बंद. त्या दिवशी कळलं, की माझ्या आखणीचं बिल कुणीतरी दहा वर्षं भरत राहतं. कधी मालक भरतो, कधी मेस्त्रींसारख्याचे खांदे भरतात. दरवाज्यातला तो आडवा दांडा बाजूनं धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवतो, त्यामुळं तो काढा असं म्हणता येत नाही. पण रेघेची त्रिज्या जराशी वाढवली तर रूप मरत नाही आणि दुरुस्तीत जीव राहतो. हा 'जरासा' किती, हे आता मी आखताना विचारतो. आधी विचारत नव्हतो.

आता मेस्त्री बसून असतात. हातोडी थोरल्या मुलाकडे आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. एका नव्या गाडीचा पुढचा बंपर चिरला होता. त्यानं तो भरून, घासून, रंगवून इतका बेमालूम केला की मालक खूश. पण गाडी रस्त्यावर गेली आणि समोरच्या वाहनाचं अंतर ओळखणारी यंत्रणा बंद असल्याचा इशारा लागला. "दादा, रंगात काय चुकलं?"

रंगात काही चुकलं नव्हतं. बंपरच्या मागं रडार होतं. मोटारींतलं हे रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याची लहर जेमतेम चार मिलिमीटरची असते, त्यामुळं तिच्या वाटेतलं प्लास्टिक किती जाड, त्यावर रंगाचे थर किती, हे सगळं तिला जाणवतं. धातूच्या कणांचा चमकता रंग जाड बसला किंवा पुट्टी भरली, तर लहर अडते नाहीतर वाकडी जाते. दुरुस्तीनंतर रडार पुन्हा जुळवूनही घ्यावं लागतं. समोरची काच बदलली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचंही तेच. मी हे सगळं वाचलेलं होतं. पण उद्यमनगरातल्या माणसापर्यंत ते कोण पोचवणार, हा प्रश्न तो फोन येईपर्यंत मला पडला नव्हता.

याच रडारनं गाड्यांचे बिल्लेही बदलले. उठावाचा क्रोमचा बिल्ला लहरीच्या आड येतो. म्हणून अनेक गाड्यांवर चिन्ह आता सपाट, गुळगुळीत तबकडीत बसवलेलं असतं आणि त्याची चमक इंडियमच्या इतक्या पातळ थरानं आणतात की लहर त्यातून पार जाते. वहीत चिकटवलेली माझी ती सगळी चिन्हं आता आतल्या यंत्राच्या सोयीनं आकार घेत आहेत. हे सांगितल्यावर मेस्त्री म्हणाले, "मग बिल्ल्याचं काय खरं न्हवतंच की."

गाडीच्या आतल्या भागाबद्दलचा धडाही त्यांनीच दिला, तोही न बोलता. ते पुण्याला आले असताना माझ्या गाडीत पुढं बसले होते. एसीचा गारवा सोसेना. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जोरात. पॉलिश पेपरनं आणि थिनरनं आयुष्यभर झिजलेलं, घट्टे पडलेलं ते बोट पडद्याला लागतच नव्हतं. असल्या पडद्यांना बोटाच्या ओलाव्यातून विजेचा सूक्ष्म बदल कळावा लागतो. कोरड्या, जाड कातडीपुढं ते गोंधळतात. रेशनच्या दुकानात त्यांच्या अंगठ्याचं हेच होतं. मग त्यांचा हात पडद्याखाली सरकला आणि अंधारात बटण चाचपावं तसा तिथं फिरू लागला. नजर रस्त्यावर, तळहात उपडा. तिथं गुळगुळीत प्लास्टिक होतं.

पडदे का आले, हे मला ठाऊक आहे. टेस्लाच्या २०१२ च्या मॉडेल एसमध्ये सतरा इंची पडदा आला आणि सगळ्यांना तसाच हवासा झाला. एक पडदा बसवला की पन्नास बटणांचे साचे, वायरी, जोडण्या वाचतात, आणि पुढं सॉफ्टवेअर बदलून सोयी वाढवता येतात. हे फायदे खोटे नाहीत. पण स्वीडनच्या 'वी बिलेगारे' मासिकानं २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगावर चाचणी घेतली. रेडिओ, तापमान अशी साधी कामं २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत दहा सेकंदांत, साधारण तीनशे मीटरांत झाली. पडद्यावर चालणाऱ्या सर्वांत मागे पडलेल्या गाडीला त्यांसाठी जवळजवळ पंचेचाळीस सेकंद आणि तेराशे मीटरांहून जास्त अंतर लागलं. युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा चाचणी संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची हाक यांना वेगळी, हाताला लागणारी बटणं असण्याला गुणांत वजन दिलं आहे.

हे आकडे मी बैठकांत मांडतो, कारण तिथं आकडे चालतात. मला स्वतःला ते पटवून द्यावे लागले नाहीत. गाडी माणसाच्या हाताला कळली पाहिजे, मग तो हात चालवणाऱ्याचा असो की दुरुस्त करणाऱ्याचा, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी मलमलीच्या फडक्याखाली शिकलो होतो.

मेस्त्रींनी माझ्याकडे आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. रेघ थोडी बोथट कर, आणि आत हात शिरायला जागा ठेव. पहिली अधूनमधून जमते. दुसरीसाठी बैठकीत तोंड उघडलं तर वजन, खर्च, सुरक्षा असे तिन्हीकडून सवाल येतात आणि बहुतेक वेळा मी गप्प बसतो. त्यांच्या मुलाकडे आता चांगला पुलर आहे, त्यामुळं त्याचं अडत नाही. पण त्याचं अडत नाही म्हणून माझं देणं फिटलं, असं होत नाही.